कालचा अणू

शनिवारच्या शेवटच्या तासाला, घंटा व्हायला सात मिनिटं उरलेली असताना, खोडरबर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, एक विचारू?" हे नाव तिला वर्गाने ठेवलंय. लिहिण्यापेक्षा खोडण्यातच तिचा जास्त वेळ जातो, वहीची पानं खरवडून खरवडून पातळ झालेली. मी तेव्हा फळ्यावर ढग काढत होते. खडू आडवा धरायचा, मनगट सैल सोडायचं, मध्ये दाट आणि कडेला विरळ, असा अणूचा ढग. आठवडाभर चाललेल्या माझ्या नाटकाचा शेवटचा प्रवेश. हे नाटक मी तीस वर्षं करतेय आणि त्याचे नियम कडक आहेत. सोमवारी सगळ्यांची पुस्तकं गोळा करून कपाटात टाकायची आणि कुलूप लावायचं. पुढचं कुणी वाचायचं नाही. मग अणू म्हणजे एक टणक, भरीव, कधीही न फुटणारी गोळी, असं मी इतकं ठासून सांगते की संध्याकाळपर्यंत वर्गातला एकूण एक जण त्या गोळीवर विश्वास ठेवून बसतो. शाईने लिहायचं, खोडायचं नाही. मंगळवारी त्या गोळीत बिया येतात, कलिंगडात असतात तशा. बुधवारी माझा तास नसतो. गुरुवारी कलिंगड फुटतं, आत जवळजवळ सगळी पोकळी निघते आणि मधोमध इवलंसं केंद्रक. शुक्रवारी त्या केंद्रकाभोवती नेमून दिलेल्या वाटा. शनिवारी वाटाही जातात आणि ढग येतो. प्रत्येक वेळी आधीच्या चित्रावर एकच तिरकी रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची. पोरं चिडतात, हसतात, उद्या बाई काय मोडणार यावर पैजा लावतात. मला ते फार आवडतं.

"सोमवारी तुम्ही गोळी शिकवली," खोडरबर म्हणाली, "तेव्हा तुम्हाला हा ढग माहीत होता ना?"

"होता की."

"तरी तुम्ही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं."

वर्ग हसला. माझ्याकडे याचं उत्तर तयार असतं, दर वर्षी कुणी ना कुणी असलं काहीतरी विचारतंच. मी म्हटलं, "ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. माणसाला अणू असाच टप्प्याटप्प्याने कळला, म्हणून मीही टप्प्याटप्प्याने सांगते."

"पण त्या लोकांना पुढचं माहीतच नव्हतं. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं सगळं त्यांनी सांगून टाकलं. तुम्हाला माहीत होतं." तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, ती नुसती गोंधळली होती. मी तोंड उघडलं तेवढ्यात घंटा झाली, ती खाली बसली आणि दप्तर भरायला लागली.

वर्ग रिकामा झाला तरी मी खडू धरून उभी होते. सकाळी लेकीचा फोन आला होता. लेक कारखान्यांतली सुरक्षा तपासते. कुठे कामगार भाजला, कुणाचं बोट गेलं, की आधी ती पोचते. दर महिन्याला कामगारांना गोळा करून ती अशा अपघातांच्या गोष्टी सांगते आणि त्यातली पहिली गोष्ट तिच्या बापाची असते. एका शाळेच्या प्रयोगशाळेत एक सहायक होता, त्याने एक बाटली विसळली नाही, ती फुटली, तो गेला आणि त्याची तीन वर्षांची मुलगी बापाशिवाय वाढली. "ती मुलगी मी," असं ती शेवटी म्हणते, आणि मग म्हणे कुणी खोकतसुद्धा नाही. आता या गोष्टींची पुस्तिका छापायची आहे, सगळ्या कारखान्यांत वाटायला. "बाबांचा एक फोटो काढून ठेव, चेहरा नीट दिसेल असा. पाच वाजता येते, आजच छापायला द्यायचाय," ती म्हणाली होती. मी बरं म्हटलं. फोन ठेवून चहासुद्धा प्याले. आणि आता त्या फळ्यासमोर मला धड उभं राहवेना, कारण बापाने ती बाटली विसळली नाही हे खरं नाही. न विसळलेली बाटली मी उचलली होती आणि मीच भरली होती. चोवीस वर्षं हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

प्रयोगशाळा वर्गाच्या बरोबर खाली आहे. शनिवारी तिथे जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. बेसिनच्या डावीकडे मळक्या बाटल्या, उजवीकडे विसळलेल्या. ही पद्धत त्याने लावली. आता काम करणाऱ्या बाईही ती पाळतात, कुणी लावली ते त्यांना ठाऊक नाही. तो इथे शिपाई म्हणून लागला होता, मग सहायक झाला. त्याची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटलेली, आणि नेमकी ज्या वर्षी अणू म्हणजे गोळी एवढंच शिकवतात त्या वर्षी. मी नवीन होते, नाटक पहिल्यांदाच करत होते, आणि तो काचसामानाचा ट्रे घेऊन दाराशी रेंगाळायचा. मंगळवारी मधल्या सुट्टीत मला म्हणाला, "बाई, तुमचा कालचा अणू आज कुठे गेला?" मी हसले. तो हसला नाही. "नाही, मी तर गोळीवरच शाळा सोडली," तो म्हणाला. "माझ्यासारख्यांना पुढचं कोण सांगणार?" मी सांगितलं. आधी बेसिनपाशी, तो परीक्षानळ्या धूत असताना. मग बागेतल्या बाकावर. मग लग्न करून. महिनाभर शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. शाळेत तो मला बाई म्हणायचा आणि घरीही मुद्दाम बाईच म्हणायचा, विशेषतः माझ्याकडून भाजी करपली की. केंद्रकाभोवती सगळी पोकळी असते हे कळलं त्या दिवशी त्याने टेबलावर टिचक्या मारून पाहिल्या होत्या. "मग हे टणक का लागतं, बाई?" मला धड उत्तर देता आलं नव्हतं, दोन दिवस पुस्तकं उलथीपालथी करावी लागली होती. त्याच्याइतका चांगला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

त्या दिवशी प्रात्यक्षिक संपलं आणि तो वरच्या मजल्यावरून काचसामान आणायला गेला. थोडं नायट्रिक आम्ल उरलं होतं. ते उरलेलं ठेवायला विसळलेली बाटली सहायक देतो, असा नियम. मी थांबले नाही. डावीकडची एक बाटली उचलली, पूर्वी स्पिरिटची असलेली, कोरडी दिसत होती. भरली, बूच दाबून बसवलं, माझ्या अक्षरात लेबल लिहून चिकटवलं, फळीवर ठेवली आणि पर्स उचलून निघाले. तळाशी स्पिरिट असणार. आम्लाचं आणि त्याचं जमत नाही, आत वायू साठत जातो, आणि बूच घट्ट असलं की बाटली फुटते. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते. त्याही वर्षी शिकवलं होतं. मी फाटकाशी पोचले तेव्हा आवाज ऐकला. तो बरोबर त्या फळीशी, ट्रे ठेवायला वाकलेला. त्यानंतर तो नऊ दिवस जगला. चौकशीला आलेला माणूस सभ्य होता, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "बाटल्या विसळायचं काम कुणाचं?" मी म्हटलं, "सहायकाचं." अगदी खरं उत्तर होतं ते. लेबल आम्लात विरघळून गेलं होतं.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडले आणि बसची वाट न बघता चालायला लागले. लेकीला मी सगळं टप्प्याटप्प्याने सांगितलं, आणि मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करताना आता लाज वाटते. तीन वर्षांची असताना, बाबा आता येणार नाहीत. सात वर्षांची झाल्यावर, बाबा दवाखान्यात वारले. बारा वर्षांची झाल्यावर, प्रयोगशाळेत बाटली फुटली. सोळाव्या वर्षी तिने स्वतःच शाळेत जाऊन चौकशीचा कागद वाचला आणि घरी येऊन म्हणाली, "बाटली विसळली नव्हती बाबांनी." मी म्हटलं, "बाटली विसळलेली नव्हती, खरंय." उरलेलं तिने जोडलं आणि मी जोडू दिलं. त्या दिवसापासून तिने भिंतीवरचा बापाचा फोटो पाहणं सोडलं. वयाला झेपेल तेवढंच सांगावं, असं मी मनाशी म्हणत आले. सगळं शहाणपण माझ्या वर्गातूनच आलेलं. अणूसुद्धा माणसाला एकदम कुठे पेलला, असं म्हणून मी कितीतरी वेळा स्वतःची पाठ थोपटली आहे.

पण वर्गातली खोडरबर बरोबर बोलली होती, आणि मी जसजशी चालत गेले तसतशी ती जास्तच बरोबर ठरत गेली. दुकानं, सिग्नल, कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा, सगळं डोळ्यांसमोरून जात होतं आणि मी तीस वर्षांत पाठ झालेली ती माणसं एकेक करून पुन्हा तपासत होते. गोळीवाला स्वतः शाळामास्तर, त्याला रंगसुद्धा धड ओळखू यायचे नाहीत. अणू कधी त्याच्या हाती लागला नाही. हाती होती ती नुसती वजनं आणि प्रमाणं, त्यावरून जे सुचलं ते त्याने वर्तुळं काढून काढून जगाला सांगितलं, राखून काही ठेवलं नाही. मग नव्वदेक वर्षांनी काचेच्या नळीतून वीज सोडणारा तो प्राध्यापक, हाताने इतका वेंधळा की नळ्या मदतनिसांनीच हाताळलेल्या बऱ्या. अणूच्या आत अणूपेक्षा किती तरी हलके कण आहेत असं त्याला दिसलं, तर न फुटणारी गोळी फुटली असं त्याने चारचौघांत सांगितलं. आणि त्याचाच शिष्य, सोन्याच्या वर्खावर कणांचा मारा करणारा. त्याचे दोन सहकारी अंधाऱ्या खोलीत आधी अर्धा तास नुसते बसून राहायचे, डोळ्यांना काळोखाची सवय व्हावी म्हणून, आणि मग नखाएवढ्या पडद्यावरच्या ठिणग्या मोजायचे. डोळे थकले की दुसऱ्याने बसायचं. कण आरपार जात होते, अगदी अपेक्षेप्रमाणे. हजारो कणांमागे एखादा मात्र उलटा फिरून यायचा. तो एक गाळून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. डोळा थकला होता, भास झाला, असं म्हणता आलं असतं, आणि गुरूचं कलिंगड सुखरूप राहिलं असतं. त्यांनी तो गाळला नाही. त्या एकामुळे सगळं मोडलं, गुरू हयात असताना मोडलं. मी वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज भरून येतो, आणि घरी मी माझा तो एक चोवीस वर्षं गाळत बसले. त्यांचं अपुरं होतं. माझं खोटं होतं, आणि ते सोमवारीही खोटंच होतं.

जिना चढताना मी ठरवलं की आज सांगायचं. उद्या नाही, ती जेवल्यावर नाही, पुस्तिका छापून झाल्यावर तर नाहीच नाही. मन मोठं वकील असतं, दुसऱ्या मजल्यावर त्याने कामाला सुरुवात केली: तिची नोकरी, तिची त्या सभांतली इज्जत, माझी आता दोनच वर्षं राहिलेली नोकरी, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. मी त्याला बोलू दिलं आणि पायऱ्या चढत राहिले. फोटो काढून टेबलावर ठेवला. त्यात तो पांढऱ्या कोटात आहे, हसू दाबतोय, बहुधा फोटो काढणारीला काहीतरी चिडवून झालेलं. फोटो मीच काढला होता. त्याचा चेहरा अगदी नीट दिसतो, पुस्तिकेला हवा तसा.

पाचला पाच कमी असताना बेल वाजली. लेक कधी उशीर करत नाही. बूट दाराशी जोडीने ठेवले, सवयीने गॅसचं बटण पाहिलं, "ही वायर किती दिवस लोंबतेय, आई?" म्हणाली, आणि मग, "काढलास का फोटो?"

मी फोटोवर हात ठेवला. "आधी बस. एक सांगायचंय."

"काय झालं? तपासण्या केल्यास का कसल्या? मला न सांगता?"

"तब्येतीचं नाही. तुला आठवतं, मी अणू कसा शिकवते? म्हणजे सोमवारी गोळी, मग..."

"आई, मला सातची गाडी आहे. मुद्द्यावर ये ना."

"ती बाटली मी भरली होती," मी म्हटलं.

ती माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने बॅगेतून वही काढली, पेन काढलं, आणि तिचा आवाज बदलला. कामावर ती अशी बोलत असणार. "विसळलेल्यांतली घेतलीस की मळक्यांतली?"

"मळक्यांतली. कोरडी आहे असं वाटलं."

"वाटलं की पाहिलं?"

"वाटलं."

"बूच?"

"मीच लावलं. घट्ट."

"लेबल?"

"माझ्या अक्षरात होतं."

"किती वाजले होते?"

"चारला पाच कमी."

"घाई कसली होती?"

"चार दहाची बस."

तिचं पेन थांबलं. पहिल्यांदाच तिने वर पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीचा दिसला. "मला न्यायला निघाली होतीस? पाळणाघरातून?"

हो म्हणायचं होतं मला. एक अक्षर होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने माझ्यापुढे केलं होतं. ते घेतलं असतं तर आम्हा दोघींनाही जन्मभर पुरलं असतं. "नाही," मी म्हटलं. "तुला आणायला बाबा जाणार होते. त्या बसला बसायला जागा मिळायची, म्हणून मला ती हवी होती."

तिने तेही लिहिलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. मग तिने विचारलं, "बाबांना कळलं होतं?"

"सातव्या दिवशी त्याने मला विचारलं, बाई, डावीकडची घेतलीस का?"

"तू काय म्हणालीस?"

"डॉक्टरांनी तुला बोलू नको म्हणून सांगितलंय, असं म्हणाले."

"आणि ते?"

"दुसऱ्या दिवशी चौकशीचा माणूस आला, त्याला त्याने सांगितलं की माझ्याकडून विसळायची राहिली असेल. मी पडद्यामागेच होते. सगळं ऐकलं मी. बाहेर आले नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली, पेलाभर पाणी प्यायली, पेला जागेवर ठेवला आणि तिथूनच, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. "आठशे लोकांना सांगितलंय मी. माझा बाप हलगर्जी होता म्हणून. त्याच्यावर चिडून चिडून मी हे काम घेतलं, आई. सोळा वर्षांची होते मी. तू तो फोटो पुसायचीस रोज, आणि मला वाटायचं, हिला कसा नाही राग येत त्याचा." एवढं बोलून ती थांबली. मी माफी मागितली नाही. मागायची लाज वाटली म्हणून नाही. ती मागितली असती तर द्यायची की नाही याचं ओझंसुद्धा तिच्यावरच पडलं असतं.

ती परत आली, टेबलावरचा फोटो उचलला, पहिल्यांदाच तो जवळ धरून बारकाईने पाहिला आणि वहीत घालून बॅगेत ठेवला. "हा माझ्याकडे राहील. पुस्तिकेत नाही जाणार."

"बरं."

"छापायचं थांबवते मी आज. मंगळवारी साठ जण येतायत. तू ये. तू सांग."

मंगळवारी मला दोन तास होते आणि वर्गाची चाचणी होती. "येते," मी म्हटलं.

"शाळेत कळेल."

"सोमवारी मीच सांगते शाळेत. आधी तिथे."

"वीस मिनिटं मिळतील. आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं. ते तुझं टप्प्याटप्प्याने अजिबात नाही."

"पहिल्याच वाक्यात," मी म्हटलं.

"म्हणून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. उभी राहून. तिथे माईक चालेलच असं नाही."

मी उभी राहिले. तीस वर्षं ज्या आवाजाने मी शेवटचा बाक गप्प केलाय तो आवाज कुठे गेला कोण जाणे, घशातून नुसतं काहीतरी पुटपुटलं गेलं. लेक उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते. "ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा."

मी टेबलाची कड सोडली, श्वास घेतला आणि साठाव्या माणसापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हटलं, "ती बाटली मी भरली होती. माझ्या नवऱ्याची काही चूक नव्हती."